घरमालक व्हायचे आहे? आधी हिशेब करा, आणि आडनाव विचारणे सोडा

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी शिबिर संपले की तरुण भोवती जमायचे ते शिष्यवृत्ती, वसतिगृह, जात पडताळणी असे प्रश्न घेऊन. ते प्रश्न आजही संपलेले नाहीत. पण आता त्यांच्या जोडीला एक नवा प्रश्न येतो. "सर, राहते घर झाले. आता एक फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घ्यावा म्हणतोय. घेऊ का?" विचारणारा कधी बँकेत असतो, कधी आयटी कंपनीत, कधी जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्याच्या घराण्यात पगाराची स्लिप पाहणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी असते.

हा प्रश्न ऐकला की आपल्यातलेच काही कार्यकर्ते नाक मुरडतात. "समाज झोपडपट्टीत आणि तुम्ही फ्लॅटच्या गोष्टी करता," असे म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. ज्या समाजाला शतकानुशतके संपत्ती बाळगण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्याच्या मुलाने संपत्ती उभी करण्याचा विचार करणे हा गुन्हा नाही. पण जो मुलगा हा विचार करतो, त्याला बिल्डरचा सेल्समन जे सांगतो तेवढेच ऐकायला मिळते, आणि चळवळ मात्र त्याला टोमणे मारून मोकळी होते. म्हणून आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न घेऊन आम्ही इथे आमचे म्हणणे स्पष्टपणे मांडत आहोत.

भाडे घेणे हे आंबेडकरी विचारात बसते का?

याचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षे संसार केलेल्या बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्ज काढून बांधकाम केले. 'राजगृह' आपल्या सर्वांना माहीत आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतली ती वास्तू त्यांनी राहण्यासाठी आणि आपल्या ग्रंथांसाठी बांधली. पण त्याच सुमारास त्यांनी 'चार मिनार' नावाची दुसरी इमारतही बांधली होती आणि ती भाड्याने देण्यासाठी होती, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? पुढे १९४१ मध्ये त्यांनी ती विकली. कर्ज होते आणि ग्रंथखरेदीही थांबत नव्हती. राजगृह मात्र त्यांनी राखले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. भाड्याचे उत्पन्न बाबासाहेबांना त्याज्य वाटले नाही, ही पहिली. आणि गरज पडली तेव्हा भाड्याच्या इमारतीचा मोह त्यांनी धरला नाही, ही दुसरी. इमारत त्यांच्यासाठी साधन होती. आपण मात्र आज फ्लॅटला प्रतिष्ठा समजू लागलो आहोत. मेहुण्याने दोन घेतले म्हणून आपणही दोन घ्यायचे, ही गुंतवणूक नव्हे.

ईएमआय भाड्यातून निघेल का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आमचे उत्तर आहे: नाही निघणार. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे साधारण २ ते ४ टक्के येते, आणि गृहकर्जाचे व्याज त्याच्या दुपटीहून जास्त असते. एवढ्यावरूनच अंदाज यावा. तरी एक हिशेब मांडून पाहू.

समजा, पिंपरी-चिंचवडच्या कडेला ५० लाखांचा वन बीएचके घेतला. बँक साधारण ८० टक्के, म्हणजे ४० लाख देईल. १० लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी साडेतीन लाख आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे जवळजवळ १४ लाख रोख आधीच गेले. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतला तर जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो लागत नाही. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३४,७०० रुपयांच्या आसपास बसतो.

आता भाडे. महिना १४ हजार धरू, म्हणजे वर्षाचे १ लाख ६८ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ३० हजार, मालमत्ता कराचे ६ हजार, रंगरंगोटी-नळदुरुस्तीचे १० हजार आणि वर्षात एक महिना घर रिकामे राहील त्याचे १४ हजार वजा करा. हातात उरले १ लाख ८ हजार. म्हणजे महिन्याला ९ हजार. हप्ता ३४,७०० आणि हातात ९ हजार. दरमहा २५ हजारांहून जास्त रक्कम तुमच्या पगारातून जाणार, तीही पुढची कित्येक वर्षे.

यावर सेल्समन म्हणतो, "भाडे सोडा हो, दहा वर्षांत किंमत दुप्पट होईल." होईलही कदाचित, किंवा होणारही नाही. पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल ७ टक्क्यांच्या थोडी वर वाढ. त्यात भाड्याचे निव्वळ २ टक्के मिळवले तर तुम्ही कर्जाच्या व्याजाच्या जेमतेम पुढे जाता. म्हणजे त्याचे स्वप्न पुरते खरे ठरले तरी फायदा एवढाच. पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत वर्षानुवर्षे किंमत हललीच नाही असे फ्लॅट घेऊन बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

आयकराचेही असेच अर्धवट सांगितले जाते. भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर आणि नंतर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते. पण व्याज भाड्यापेक्षा जास्त असल्यामुळे जो तोटा दिसतो, तो जुन्या कररचनेत वर्षाला २ लाखांपर्यंतच पगारातून वजा करता येतो आणि नव्या कररचनेत तेवढाही नाही. तुम्ही कोणत्या रचनेत आहात हे आधी पाहा, मग "टॅक्स वाचतो" हे वाक्य ऐका.

मग आपल्या मुलांनी घेऊच नये का?

आम्ही असे म्हणत नाही. पण आपला तरुण आणि प्रस्थापित घरातला तरुण यांचा पगार सारखा असला तरी त्यांची पाठ सारखी नसते. त्याच्या मागे आजोबांची बागायती, वडिलांचे पेन्शन, मामाचा गाळा असतो. चार महिने भाडेकरू मिळाला नाही तर त्याचे काही अडत नाही. आपल्या मुलाच्या एका पगारावर गावातल्या आईचे औषध, धाकट्या बहिणीची फी आणि भावाचे लग्न चालते. नोकरी कंत्राटी असेल तर बोलायलाच नको. हप्ता चुकला की बँक राहत्या घराचा विचार करत नाही.

म्हणून आमचा साधा नियम आहे. घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा आहे का? सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम बाजूला आहे का? भावंडांच्या शिक्षणाची सोय झाली आहे का? भाडे एक रुपयाही आले नाही तरी हप्ता भरता येईल का? या चारही प्रश्नांना 'हो' असेल तर खुशाल घ्या. एकालाही 'नाही' असेल तर ते १४ लाख आधी बहिणीच्या शिक्षणावर लावा. शिकलेली बहीण जे देते ते कोणताही फ्लॅट देत नाही.

आणि घेतलाच तर कोणाच्या नावावर, हाही विचार करा. महाराष्ट्रात निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पण सवलत बाजूला ठेवली तरी, हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेणाऱ्या घरातल्या सातबाऱ्यावर आणि इंडेक्स टूवर एकाही बाईचे नाव नसावे, हे आपल्याला शोभत नाही.

कागदपत्रे कोणती पाहायची?

प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ताब्याची तारीख काय दिली आहे, किती खटले चालू आहेत हे स्वतः पाहा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. ब्रोकरने दिलेल्या वकिलाऐवजी आपल्या वकिलाकडून मालकीहक्काचा शोध घ्या. त्याची चार पैशांची फी वाचवून लाखो घालवलेले लोक आमच्याकडे नंतर येतात.

पण आणखी एक कागद आहे, ज्याकडे आंबेडकरी माणसाने तरी डोळेझाक करू नये. तो म्हणजे जमिनीचा सातबारा. शहरांच्या कडेला आज जिथे टॉवर उभे आहेत, तिथली कितीतरी जमीन महार वतनाची होती. ही वतने म्हणजे गुलामीची बेडी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना नव्या शर्तीने परत मिळाल्या. अशी जमीन सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसते आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही आपल्या अडाणी आजोबांचे अंगठे घेऊन, कवडीमोलाने साठेखत करून या जमिनी गिळल्या गेल्या.

म्हणून सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना वाचा. वतनाची नोंद असेल तर परवानगी कधी मिळाली, नजराणा भरला का, हे विचारा. यात तुमचा स्वार्थही आहे, कारण शर्तभंग झालेल्या जमिनीवरचे घर उद्या अडचणीत येऊ शकते. आणि यात नीतीचाही प्रश्न आहे. आपल्याच माणसाला फसवून घेतलेल्या जमिनीवर स्वस्तात मिळालेल्या फ्लॅटचे भाडे खात आपण कोणत्या तोंडाने जयंतीला भाषण करणार?

भाडेकरू घर बळकावेल का?

ही भीती जुन्या भाडे कायद्याच्या आणि पागडीच्या काळातली आहे. लिव्ह अँड लायसन्स कराराने घर दिले तर राहणाऱ्याला कुळाचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मुदत संपूनही तो घर सोडत नसेल तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. "अकरा महिन्यांहून जास्त ठेवले की घर त्याचे होते" हे कट्ट्यावरचे ज्ञान आहे.

मात्र याच कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याचे बंधन घातले आहे, आणि ती जबाबदारी भाडेकरूची नसून मालकाची आहे. नोटरीकडचा शंभर-पाचशेचा कागद पुरत नाही. करार नोंदवला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला कराराची प्रत द्या. सोसायटी बिनवापर शुल्क म्हणून मनाला येईल ती रक्कम मागू लागली तर सांगा, की २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आणि डिपॉझिट हे दुसऱ्याचे पैसे आहेत. ते खर्चू नका. घर सोडताना भाडेकरूला त्यासाठी खेटे घालायला लावू नका. भाड्याच्या घरात वाढलेल्या आपल्या प्रत्येकाला तो अपमान माहीत आहे.

घर कोणाला द्यायचे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून आम्हीच विचारतो.

बडोद्याचा प्रसंग आपण दरवर्षी भाषणात सांगतो. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी खाणावळीत पारशी नावाने ते राहिले. जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने घरात घेतले नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. या घटनेला शंभर वर्षे उलटून गेली. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काय दिसले? सवर्ण नावाच्या माणसाला जे घर सहज मिळते तिथे दलित नावाला नकार किंवा जाचक अटी येतात, आणि मुसलमान नावाला त्याहूनही जास्त.

कायदा आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा मानतो. पण "घर कालच दिले" एवढे म्हटले की मालक सुटतो. पुरावा कुठून आणणार? त्यातच २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. म्हणजे या बाबतीत कायद्यापेक्षा किल्ली ज्याच्या हातात आहे त्याचे मन जास्त महत्त्वाचे ठरते.

आज ती किल्ली काही ठिकाणी आपल्या हातात आली आहे. मग आपण काय करतो?

आमच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने दोन वर्षांपूर्वी असाच फ्लॅट घेतला. घरात बुद्धमूर्ती, दारावर निळा झेंडा. ब्रोकरने एक मुस्लिम जोडपे आणले. नवरा-बायको दोघेही नोकरदार, भाडे जास्त द्यायला तयार. याने नकार दिला. आम्ही विचारले, का? म्हणाला, "माझी हरकत नाही हो, पण सोसायटीवाले कटकट करतात. शिवाय चेअरमन म्हणाले, व्हेज फॅमिली असेल तर बरे." आम्ही त्याला आठवण करून दिली, की पुण्यात शिकत असताना तुला सात ठिकाणी जे उत्तर मिळाले होते ते शब्दशः हेच होते. तो गप्प झाला. पण घर त्याने शेवटी चेअरमनच्या पसंतीच्या माणसालाच दिले.

एका माणसाला दोष देऊन आम्ही मोकळे होत नाही. त्याच्यावर दबाव होता हे खरे. सोसायटीत आधीच त्याच्याकडे 'कोट्यातला' म्हणून पाहिले जाते. आणखी वैर कशाला, असे त्याला वाटले. पण मनुवाद असाच टिकतो. तो आपल्या हातून काम करून घेतो आणि आपल्याला वाटते की आपण फक्त वाद टाळला.

यावर काही जण म्हणतात, "मग काय, कोणालाही घर द्यायचे?" नाही. मालकाने चौकशी जरूर करावी. उत्पन्न किती, नोकरी कुठे, ओळखपत्रे खरी आहेत का, आधीच्या मालकाचा अनुभव काय, हे सगळे विचारा. भाडे थकवणारा कोणत्याही जातीचा असू शकतो आणि त्याच्यासाठी करार आहे, डिपॉझिट आहे, कायदा आहे. पण आडनाव, धर्म, गाव कोणते, स्वयंपाकघरात काय शिजते, एकटी बाई का राहते, हे विचारण्याचा अधिकार भाड्याच्या पावतीबरोबर मिळत नाही. ब्रोकरला पहिल्याच दिवशी सांगा, "अट एकच, करार नोंदणीकृत होईल. बाकी कोणालाही आणा." सोसायटीने आक्षेप घेतला तर म्हणा, "लेखी द्या." जातीचा किंवा धर्माचा आक्षेप लेटरहेडवर लिहून देण्याची हिंमत सहसा कोणाची होत नाही.

कोणी म्हणेल, मग फक्त आपल्याच लोकांना देतो. तेही आम्हाला पुरेसे वाटत नाही. शहरात नव्याने आलेल्या आपल्या विद्यार्थ्याला घर मिळवून देणे चांगलेच आहे, जरूर करा. पण आपले घर फक्त आपल्यांना, हाच नियम उलट्या बाजूने आपल्याला बाहेर ठेवतो. आपल्या दारावर पारधी, मुसलमान, ईशान्येकडची मुलगी, तृतीयपंथी व्यक्ती आली तर तिच्याकडे भाडेकरू म्हणून पाहता आले पाहिजे. बंधुता हा शब्द आपण संविधानाच्या उद्देशिकेत वाचतो. तो पाळायची संधी मात्र बहुतेकांना आयुष्यात फारशी मिळत नाही. दुसरा फ्लॅट घेणाऱ्याला दर दोन-तीन वर्षांनी, जुना भाडेकरू गेला की, ती संधी मिळते.

तेव्हा मित्रांनो, फ्लॅट घ्यायचा की नाही हे कॅल्क्युलेटर घेऊन ठरवा. परवडत नसेल तर न घेण्यात कमीपणा नाही; १४ लाखांत एका घरातली दोन मुले शिकतात. घेतला तर जमिनीचा इतिहास पाहा, घरातल्या बाईचे नाव लावा, करार नोंदवा. आणि ब्रोकरचा फोन आला, "साहेब, पार्टी चांगली आहे, पण जरा आडनाव..." तर त्याला तिथेच थांबवा आणि म्हणा, "आडनाव राहू द्या. घर बघायला कधी येतात ते सांगा."

जय भीम!